चित्र मोठे, नाव तेवढेच : डेस्कटॉपवरील आयकॉनच्या आकाराची चिकित्सा

मानव-संगणक आंतरक्रिया या विषयाच्या टिपणांत डेस्कटॉपवरील आयकॉन लहान-मोठे करण्याला फार तर चार ओळी मिळतात. मोकळ्या जागेवर राइट-क्लिक करा, ‘व्ह्यू’ निवडा, लार्ज, मीडियम किंवा स्मॉल यांपैकी एक पर्याय घ्या, झाले. ही कृती तुम्हाला शाळेपासून येते, त्यामुळे ती पुन्हा शिकवण्यात अर्थ नाही. या टिपणात आपण त्या चार ओळींची चिकित्सा करू. आयकॉन मोठा केला तेव्हा नेमके काय मोठे झाले, आणि जे मोठे व्हायला हवे होते ते झाले का, एवढाच प्रश्न आहे.

आधी एक गोष्ट करून पाहा. विंडोज असलेल्या संगणकाच्या डेस्कटॉपवर कंट्रोलचे बटण दाबून धरा आणि माउसचे चाक पुढे फिरवा. चित्रे फुगत जातील. आता चित्राखालचे नाव पाहा. ते होते तेवढेच आहे. चित्र ४८ पिक्सेलवरून ९६ वर गेले, २५६ वर गेले, तरी नाव ९ पॉइंटांवरून हललेले नाही. माझा मुख्य आक्षेप हाच आहे. तो क्षुल्लक वाटेल, म्हणून थोडा विस्ताराने मांडतो.

चित्राचे काम आणि नावाचे काम

मी रायपूरला शंकर नगरात राहतो. आय, जाती, निवास यांचे दाखले काढून देणाऱ्या सेवा केंद्रांना छत्तीसगडमध्ये ‘च्वाइस सेंटर’ म्हणतात. महाराष्ट्रातल्या वाचकांनी महा ई-सेवा केंद्र डोळ्यांपुढे आणावे, फारसा फरक नाही. जून-जुलैत, प्रवेशाच्या दिवसांत अशा एखाद्या केंद्रात अर्धा तास उभे राहा आणि चालकाचा डेस्कटॉप पाहा. सकाळपासून आलेल्या लोकांचे कागद स्कॅन करून त्याने तिथेच ठेवलेले असतात. वरून खाली, डावीकडून उजवीकडे, पीडीएफचे तेच एक चित्र. समोरचा माणूस काउंटरवर वाकून बोट दाखवतो, “भैया, वो नहीं, बगल वाला.” चालक चित्राकडे पाहत नाही, कारण त्यात पाहण्यासारखे काही नसतेच. तो नाव वाचतो. नाव नीट दिसले नाही तर फाइल उघडतो, मिटतो, शेजारची उघडतो. या उघडझापीत एकाचा आधार क्रमांक आणि दुसऱ्याच्या वडिलांचे उत्पन्न काउंटरवरच्या तिसऱ्याला दिसून जाते. नाव वाचता न येणे ही इथे डोळ्यांच्या सोयीपुरती बाब राहत नाही.

आता या डेस्कटॉपवर आयकॉन मोठे केले तर काय होईल? चाळीस सारखी लहान चित्रे होती, ती चाळीस सारखी मोठी चित्रे होतील. त्यांतली काही स्क्रीनवर मावणारही नाहीत, कारण फोल्डरच्या खिडकीला असते तशी सरकपट्टी डेस्कटॉपला नसते. चालकाला हवे होते ते त्याला मिळाले नाहीच, वर जागा गेली.

इथे एक भेद लक्षात घ्या. प्रोग्रामच्या आयकॉनमध्ये चित्र हीच ओळख असते. ब्राउझरचे चित्र दिसले की खालचे नाव वाचायची गरज पडत नाही. दस्तऐवजाच्या आयकॉनमध्ये चित्र फक्त जात सांगते, म्हणजे ही पीडीएफ आहे, ही वर्ड फाइल आहे. ती कोणाची आणि कशाची हे नाव सांगते. आकार बदलण्याची जी सोय विंडोज देते ती पहिल्या प्रकारासाठी चांगली आणि दुसऱ्यासाठी जवळपास निरुपयोगी आहे. आपल्याकडचे डेस्कटॉप मात्र दुसऱ्या प्रकाराने भरलेले असतात. तुमचाही बघा. ‘असाइनमेंट फायनल’, ‘असाइनमेंट फायनल नवीन’, ‘असाइनमेंट फायनल नवीन सर’. त्यातच नाव दोन ओळींत मावले नाही की विंडोज पुढचा भाग गाळून तीन टिंबे देते. नावांतला फरक सहसा शेवटच्या शब्दात असतो आणि गाळला जातो तोच.

सोयीला श्रेय द्यायचे तेवढे दिले पाहिजे. चाक फिरवून आकार बदलण्याची ही पद्धत विंडोज व्हिस्टाबरोबर (२००७) आली. एकही खिडकी उघडावी लागत नाही आणि परिणाम तिथल्या तिथे दिसतो. चित्रे २५६ पिक्सेलपर्यंत तयार ठेवल्यामुळे मोठी करताना ती फाटत नाहीत. ज्याला अक्षरओळख कमी आहे त्याला मोठे चित्र निश्चित उपयोगी पडते. दोष तिच्या अर्धवटपणात आहे. (आणखी एक लहान दोष म्हणजे ती अपघातानेही घडते. कंट्रोलवर बोट राहिले आणि चाक फिरले की सगळे आयकॉन एकदम प्रचंड होतात आणि माणूस ‘व्हायरस आला’ म्हणून दुकान गाठतो. व्ह्यूमध्ये जाऊन मीडियम निवडले की सगळे पूर्ववत होते, त्यासाठी कोणाला पैसे देऊ नका.)

मोजून पाहू

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने ‘लहान’ आणि ‘मोठे’ हे शब्द एककाशिवाय वापरू नयेत. ४८ पिक्सेल म्हणजे किती मिलिमीटर?

१५.६ इंची लॅपटॉप घ्या. रिझोल्यूशन १३६६ गुणिले ७६८ असेल तर कर्णावर साधारण १५६७ पिक्सेल येतात, म्हणजे इंचाला सुमारे १००. अशा स्क्रीनवर ४८ पिक्सेलचा आयकॉन सुमारे १२ मिलिमीटरचा दिसतो. त्याच मापाच्या लॅपटॉपवर रिझोल्यूशन १९२० गुणिले १०८० असेल तर इंचाला सुमारे १४१ पिक्सेल होतात आणि तोच आयकॉन ८.६ मिलिमीटरवर येतो. म्हणून विंडोज अशा ठिकाणी १२५ किंवा १५० टक्के स्केलिंग सुचवते. नाव ९ पॉइंटांचे, म्हणजे विंडोजच्या ९६ पिक्सेल प्रति इंच या गृहीतानुसार १२ पिक्सेल उंचीचे. पहिल्या लॅपटॉपवर ती उंची ३ मिलिमीटर आणि दुसऱ्यावर, स्केलिंग १०० टक्केच ठेवले तर, २.२ मिलिमीटर.

परंतु मिलिमीटरही पुरेसे नाहीत, कारण डोळ्याला कळतो तो कोन. वस्तूची उंची भागिले तिच्यापर्यंतचे अंतर, एवढे गणित पुरते. कोन अंशाच्या साठाव्या भागात, म्हणजे मिनिटांत मोजू. नेत्रतपासणीच्या तक्त्यावर ज्या ओळीला ‘६/६’ म्हणतात, तिच्यातले अक्षर सहा मीटरवरून पाहताना डोळ्यापाशी ५ मिनिटांचा कोन करते. निरोगी नजरेची ती रूढ मर्यादा धरा.

आता वर्गात या. शिक्षक लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडतात, भिंतीवर दोन मीटर रुंद चित्र पडते आणि शेवटचा बाक आठ मीटरवर आहे. रिझोल्यूशन १९२० गुणिले १०८०, स्केलिंग १०० टक्के. एक पिक्सेल भिंतीवर सुमारे १.०४ मिलिमीटरचा होतो. ४८ पिक्सेलचा आयकॉन ५० मिलिमीटरचा पडतो आणि शेवटच्या बाकावरून २१ मिनिटांचा दिसतो. १२ पिक्सेलचे नाव १२.५ मिलिमीटरचे, म्हणजे ५.४ मिनिटांचे. लक्षात घ्या, १२ पिक्सेल ही अक्षरासाठी राखलेली पूर्ण उंची आहे. प्रत्यक्ष अक्षर त्याहून बुटके असते. तेव्हा शेवटच्या बाकावरच्या उत्तम नजरेच्या विद्यार्थ्यालाही ते नाव मर्यादेच्या काठावर किंवा त्याखाली आहे. ज्याचा चष्म्याचा नंबर बदलला आहे आणि नवा चष्मा पुढच्या महिन्यात करायचा आहे, त्याचे काय ते वेगळे सांगायला नको.

मागून कोणी म्हणते, “सर, दिसत नाही.” शिक्षक कंट्रोल दाबून चाक फिरवतात. आयकॉन ९६ पिक्सेलचा होतो, शेवटच्या बाकावर ४३ मिनिटे. नाव अजून ५.४ मिनिटे. शिक्षकांना वाटते आपण मदत केली, आणि मागच्या बाकावरचा विद्यार्थी दुसऱ्यांदा “दिसत नाही” म्हणायला धजत नाही. शिक्षकांच्या डोळ्यांपुढे तेच नाव लॅपटॉपवर पन्नास सेंटिमीटरवर, सुमारे १५ मिनिटांचे आहे, मागच्यापेक्षा जवळपास तिप्पट. त्यामुळे अडचण कुठे आहे हे त्यांना त्यांच्या जागेवरून दिसू शकत नाही.

फिट्सचा नियम (१९५४) तुम्ही शिकला आहात. लक्ष्याची रुंदी दुप्पट झाली की ते गाठण्याची अवघडता एका बिटने कमी होते. मोठ्या आयकॉनच्या बाजूने पुस्तके हाच युक्तिवाद करतात आणि तो खरा आहे. पण आधी कोणते लक्ष्य हे ठरायला हवे. फिट्सचा नियम हात सुरू झाल्यानंतर लागू होतो, नाव वाचणे त्याआधी येते.

नाव चित्राबाहेर कसे पडले

संगणकाच्या संदर्भात ‘आयकॉन’ हा शब्द डेव्हिड कॅनफील्ड स्मिथ यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या आपल्या १९७५ च्या प्रबंधात रूढ केला. पुढे ते झेरॉक्सच्या ज्या गटात होते त्या गटाने १९८१ मध्ये ‘स्टार’ हा संगणक बाजारात आणला. डेस्कटॉप, फोल्डर, त्यावर ठेवलेले कागद हे सारे रूपक व्यापारी यंत्रावर प्रथम तिथे दिसले. आपल्या विषयाच्या दृष्टीने स्टारमधली एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. तिथे कागदाच्या चित्रातच कागदाचे नाव लिहिलेले असे, जसे आपण फाइलीच्या पुठ्ठ्यावर नाव लिहितो. आयकॉन ७२ गुणिले ७२ पिक्सेलचा, म्हणजे त्या काळाच्या मानाने ऐसपैस होता. चित्र आणि नाव ही एकच वस्तू होती.

ॲपलच्या लिसा (१९८३) आणि मॅकिंटॉश (१९८४) या यंत्रांवर नाव चित्राखाली उतरले. मॅकिंटॉशची चित्रे सुझन केअर यांनी काढली, ३२ गुणिले ३२ म्हणजे १०२४ चौकोन, प्रत्येक चौकोन एक तर काळा नाही तर पांढरा. त्या मर्यादेत त्यांनी जे केले ते आजही अभ्यासण्यासारखे आहे. आकार बदलण्याचा प्रश्न तेव्हा जवळजवळ नव्हताच, कारण यंत्राची स्क्रीन एकाच मापाची होती, ५१२ गुणिले ३४२ पिक्सेल आणि इंचाला ७२. ३२ पिक्सेल म्हणजे ११ मिलिमीटर, सगळीकडे. चित्रकाराला आपले चित्र किती मोठे दिसणार हे ठाऊक होते. पुढे पडदे शेकडो मापांचे झाले, पिक्सेल बारीक होत गेले आणि ‘३२ पिक्सेल’ या शब्दांमागचे मिलिमीटर निसटले. आज १४१ पिक्सेल प्रति इंचाच्या लॅपटॉपवर ते ६ मिलिमीटरही भरत नाहीत.

विंडोजचा इतिहास मात्र मला खटकतो. विंडोज एक्सपीमध्ये (२००१) डिस्प्ले प्रॉपर्टीजमध्ये जाऊन अपिअरन्स आणि मग अ‍ॅडव्हान्स्ड उघडले की एक यादी मिळत असे. तिच्यात ‘आयकॉन’ निवडा. चित्राचा आकार वेगळा, नावाचा फाँट वेगळा, त्या फाँटचा आकार वेगळा, आणि दोन आयकॉनमधले आडवे-उभे अंतरही वेगळे, सगळे आपल्या हाती होते. रूप कुरूप होते आणि शोधायला अवघड होते, हे कबूल. विंडोज ७ पर्यंत ते टिकले. विंडोज ८ मध्ये (२०१२) ती चौकट गेली. नुसत्या नावाचा आकार बदलण्याची एक यादी कंट्रोल पॅनेलमध्ये मागे उरली होती, ती विंडोज १० च्या २०१७ मधल्या क्रिएटर्स अपडेटने काढून टाकली. २०१८ च्या ऑक्टोबर अपडेटमध्ये सर्व अक्षरे २२५ टक्क्यांपर्यंत मोठी करणारी एक सरकपट्टी आली. ती चांगली आहे, तिने आयकॉनचे नावही मोठे होते. पण तिने मेन्यू, शीर्षकपट्ट्या, सगळेच मोठे होते आणि ती सुगम्यतेच्या पानावर ठेवलेली आहे. आयकॉनवर उजवे बटण दाबणाऱ्याला तिचा पत्ता लागत नाही. जी गोष्ट माणूस डेस्कटॉपवर शोधतो ती डेस्कटॉपवर सापडली पाहिजे.

मॅकवर आज डेस्कटॉपच्या ‘व्ह्यू ऑप्शन्स’मध्ये आयकॉनचा आकार, जाळीतले अंतर आणि नावाचा आकार अशी तीन स्वतंत्र नियंत्रणे एकाच चौकटीत आहेत. या तुलनेत माझे मत मॅकच्या बाजूने आहे. मात्र नावाला १६ पॉइंटांची मर्यादा कशाला, हा प्रश्न तिथेही विचारावा. लिनक्समधल्या ग्नोमने वेगळाच मार्ग घेतला. २०११ पासून डेस्कटॉपवर आयकॉन दाखवणे बंद केले आणि २०१८ मध्ये ते दाखवणारा कोडही आपल्या फाइल व्यवस्थापकातून काढला. पसारा नको म्हणून टेबलच काढून टाकण्यासारखे हे आहे. च्वाइस सेंटरच्या चालकाला टेबल लागतेच. तुमच्या हातातल्या अँड्रॉइड फोनवर पाहिले तर २०१६ च्या सातव्या आवृत्तीपासून अक्षरांचा आकार आणि एकूण डिस्प्लेचा आकार अशा दोन सरकपट्ट्या आहेत. हा भेद फोनवाल्यांना सुचला, याचा अर्थ तो अवघड नाही.

देवनागरी नावाचे हाल

आतापर्यंत मी लिपीचा उल्लेख टाळला. इंग्रजी ‘ए’ किंवा ‘एम’ला १२ पिक्सेलमध्ये कसेबसे भागवता येते. देवनागरीला त्याच १२ पिक्सेलमध्ये तीन मजले उभारायचे असतात. वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार, मध्ये शिरोरेषेसह अक्षराचे अंग, खाली उकार आणि पायमोडे. प्रत्येक मजल्याला वाटा दिल्यावर मधल्या अंगाला जेमतेम निम्मी उंची उरते. म्हणूनच सारख्याच पॉइंट आकारात देवनागरी रोमनपेक्षा बारीक दिसते. ‘ब’च्या पोटातली एक रेघ दिसली नाही की ‘बही’ची ‘वही’ होते. रायपूरसारख्या हिंदी-मराठी शेजारात हे गमतीचे नाही. हिंदीत बही म्हणजे हिशेबाचे पुस्तक, मराठीत वही म्हणजे साधी वही, आणि दोन्ही नावांच्या फाइली एकाच दुकानाच्या डेस्कटॉपवर असू शकतात. तसेच ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘ष’ आणि ‘प’.

हे कोणी जाणत नव्हते असे नाही. विंडोज २००० बरोबर आलेला ‘मंगल’ हा देवनागरी फाँट र. कृ. जोशी यांनी रेखाटला. कवी, सुलेखनकार आणि आयआयटी मुंबईच्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरमधले शिक्षक म्हणून मराठी वाचकांना ते परिचित असतील. ‘मंगल’ला सुंदर नाही म्हणून नाके मुरडणारे बरेच आहेत, मीही त्यात अधूनमधून असतो. पण तो फाँट कागदासाठी नव्हता, कमी पिक्सेलच्या पडद्यावर मेन्यू आणि आयकॉनची नावे वाचता यावीत यासाठी होता, आणि ते काम त्याने वर्षानुवर्षे केले. विंडोज ८ पासून त्याची जागा ‘निर्मला यूआय’ने घेतली. फाँटकाराने आपल्या हातात होते ते केले आहे. १२ पिक्सेलच्या पेटीत तीन मजले बसवणे हे फाँटकाराचे काम, पण पेटी मोठी करण्याचे चाक संचालन प्रणालीच्या हातात आहे आणि ते चाक चित्राला जोडलेले आहे.

याचा परिणाम मला दरवर्षी दिसतो. विद्यार्थी आपल्या फाइलींना देवनागरीत नावे देणे सोडून देतात. विचारले तर सांगतात, “इंग्रजीत पटकन दिसतं.” भाषेविषयी अनास्था वगैरे कारणे आपण लगेच शोधतो. त्याआधी १२ पिक्सेलचा हिशेब करून पाहायला हरकत नाही.

तीन वेगळी चाके

परीक्षेच्या उत्तरांत मला हमखास आढळणारा गोंधळ इथेच नोंदवतो. ‘आयकॉन मोठा करणे’ या एका वाक्याखाली तीन वेगळ्या क्रिया सांगितल्या जातात. आयकॉनचा आकार बदलल्याने फक्त चित्र बदलते. स्केलिंग बदलल्याने चित्र, नाव, मेन्यू, खिडक्या सगळे एका प्रमाणात मोठे होते, आणि वर्गातल्या प्रोजेक्टरसाठी सध्या तरी हेच योग्य चाक आहे. मघाच्या उदाहरणात १५० टक्के केले तर नाव शेवटच्या बाकावर ८ मिनिटांचे होते. तिसरी क्रिया म्हणजे रिझोल्यूशन कमी करणे, आणि ती सर्वांत लोकप्रिय आहे. तिनेही सगळे मोठे होते, पण एलसीडी पडद्याचे पिक्सेल संख्येने ठरलेले असतात. १९२० चे चित्र सोडून १२८० चे मागितले की यंत्राला प्रत्येक दोन ठिपक्यांचे तीन करावे लागतात आणि अक्षरांच्या कडा पिठूळ होतात. ज्याला आधीच अंधुक दिसते त्याच्यासाठी आपण मोठे आणि अंधुक करून ठेवतो.

आता प्रयोगशाळेकडे या. आयकॉनचा आकार विंडोज प्रत्येक वापरकर्त्याच्या खात्यात, त्याच्या रजिस्ट्रीत नोंदवते. घरी हे ठीक आहे. महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत बहुधा ‘स्टुडंट’ नावाचे एकच खाते साठ जण वापरतात. पहिल्या तासाला एका विद्यार्थिनीने स्केलिंग वाढवले, दुसऱ्या तासाच्या मुलाला ते विचित्र वाटले, त्याने कमी केले. अनेक ठिकाणी यंत्र बंद करून चालू केले की सगळे मूळपदावर आणणारे सॉफ्टवेअरही असते. मंददृष्टी असलेल्या विद्यार्थ्याला मग रोज, प्रत्येक तासाला, प्रत्येक यंत्रावर पहिली दहा मिनिटे पडदा आपल्यापुरता बसवण्यात घालवावी लागतात, आणि प्रात्यक्षिक परीक्षेत ती दहा मिनिटे कोणी परत देत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे. माहिती-तंत्रज्ञानाच्या सुगम्यतेसाठी भारतीय मानक ब्यूरोचे आयएस १७८०२ हे मानक आहे. वेबसाठीच्या डब्ल्यूसीएजी निकषांत, मजकूर २०० टक्क्यांपर्यंत वाढवता आला पाहिजे आणि तसे करताना काही गमावता कामा नये, असे स्पष्ट आहे. डेस्कटॉपवरचे फाइलीचे नाव हा मजकूर नाही असे म्हणणे मला तरी जमत नाही. विद्यार्थ्याला स्वतःचे खाते देणे हे त्यावरचे साधे उत्तर आहे आणि त्याला नवे यंत्र लागत नाही.

स्वाध्याय म्हणून पुढच्या तासापूर्वी तीन मोजमापे करून आणा. मोजपट्टीने आपल्या स्क्रीनवरच्या एका आयकॉनची आणि त्याच्या नावातल्या ‘क’ या अक्षराची उंची मिलिमीटरमध्ये घ्या. तीच दोन मापे वर्गातल्या प्रोजेक्टरच्या पडद्यावर घ्या आणि शेवटच्या बाकापर्यंतचे अंतर पावलांनी नव्हे, फितीने मोजा. मग दोन्हींचे कोन मिनिटांत काढा, एकदा स्केलिंग १०० टक्के आणि एकदा १५० टक्के ठेवून. ‘क’चा कोन ५ मिनिटांपेक्षा कमी आला तर वर्गाचा क्रमांक, पडद्याची रुंदी आणि प्रोजेक्टरचे रिझोल्यूशन कागदावर लिहून तो कागद विभागप्रमुखांकडे द्या.